रोझो गावचा नील ब्रोटन

वाचकहो, पौषातली रात्र आठवा. विजेची पाळी रात्रीची आलेली, अंगावर घोंगडे, हातात फावडे, आणि तुम्ही गव्हाला दारे धरून उभे आहात. वाफ्यातले पाणी पायाला सुईसारखे टोचते आहे. आता अशी कल्पना करा, की तुम्ही सोडलेले पाणी जमिनीत मुरतच नाही. पाहता पाहता ते वाफ्यातच थिजते आणि त्याची फरशी होते. सकाळी तुमची पोरे त्या फरशीवर घसरत खेळायला येतात.

ही गोष्ट कल्पनेतली नाही. अमेरिकेच्या उत्तर टोकाला मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तिथली माणसे हिवाळ्यात मुद्दाम रात्री मैदानाला पाणी देतात. एकदम भरपूर सोडत नाहीत. पातळ थर देतात, तो गोठला की त्यावर दुसरा. अशा थरांवर थर चढवून पोरांसाठी खेळाचे मैदान तयार होते. त्या मैदानावर जो खेळ चालतो त्याचे नाव बर्फावरची हॉकी. हा खेळ खेळत खेळत एका लहानशा गावातला, अंगाने बेताचा मुलगा कॉलेजात गेला, ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेऊन आला आणि पुन्हा कॉलेजातच परतला. त्या मुलाची, नील ब्रोटनची, ही हकिगत आहे.

खेळ कसा असतो?

हॉकी म्हटले की आपल्यापुढे हिरवे मैदान, पांढरा चेंडू आणि ध्यानचंद उभे राहतात. ही हॉकी वेगळी. आपल्या देशात ती लडाखमध्ये खेळतात, हिवाळ्यात तळी गोठली म्हणजे. इकडे महाराष्ट्रात ती पाहायला मिळत नाही, म्हणून थोडे सांगतो.

या खेळात चेंडू नसतो. त्याऐवजी रबराची टणक चकती असते, तिला पक म्हणतात. तीन इंच रुंद आणि एक इंच जाड. सामन्याआधी ती चकती गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर उसळत नाही, सरळ सरपटत जाते. खेळाडूंच्या बुटांना खाली पोलादी पाते असते. एका वेळी एका बाजूचे सहाच गडी मैदानात असतात, त्यांतला एक गोलरक्षक. वीस वीस मिनिटांचे तीन डाव होतात. पण वेग असा, की गडी मिनिटभरातच दमतो. म्हणून खेळ चालू असतानाच एक टोळी बाकावर येऊन बसते आणि दुसरी आत उडी घेते.

यात खांद्याने, छातीने धडक मारायला मुभा आहे. साहजिकच उंच, धिप्पाड गड्याला भाव. नील ब्रोटनची उंची पाच फूट नऊ इंच. आपल्याकडे ती चांगली म्हटली जाईल, पण त्या खेळात तो लहानखुराच ठरला.

आणखी एक नियम ध्यानात ठेवा, पुढे तो कामाला येईल. या खेळात गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो. पण गोल होण्याच्या आधी ज्याने चकती पुरवली, त्यालाही एक गुण मिळतो, आणि त्याच्या आधी ज्याच्याकडून आली त्यालाही. म्हणजे पेरणाऱ्याचा वाटा कापणाऱ्याइतकाच मोजला जातो. नील हा जन्मभर पुरवणारा गडी होता.

दोन-अडीच हजार वस्तीचे गाव

नीलचा जन्म १९५९ सालच्या नोव्हेंबरातला. गावाचे नाव रोझो. कॅनडाची सरहद्द तिथून पंधरा-सोळा किलोमीटरवर. वस्ती दोन-अडीच हजार. भोवताली सपाट काळी जमीन, त्यात गहू, अलीकडे सोयाबीन आणि गवताचे बीसुद्धा. हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीस-तीस अंश जातो. जमीन दगड होते आणि कित्येक महिने शेतात काही करता येत नाही.

अशा गावातली माणसे रिकामी बसत नाहीत. याच रोझोत शेतीची अवजारे बनवणारा एक छोटा कारखाना होता. गव्हाच्या काडाचे तुकडे करणारे यंत्र वगैरे माल तिथे तयार होई. त्या कारखान्यातल्या कारागिरांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास बर्फावर चालणारी एक गाडी जुळवली. पुढे त्यातूनच पोलारिस हा मोठा उद्योग उभा राहिला. सांगायचे म्हणजे, ज्या थंडीने गाव अडवले त्याच थंडीचा त्यांनी उपयोग करून घेतला. बर्फावरच्या हॉकीचेही तसेच. गावाने आपल्या पोरांसाठी छपराखालचे बर्फाचे मैदान बांधले. आपल्याकडे एखाद्या गावाला तालमीचा नाद असतो आणि घरटी एक पैलवान निघतो, तसे रोझोत घरटी हॉकीचा गडी.

नीलच्या पाठीवर दोन भाऊ, ॲरन आणि पॉल. ॲरन वर्षानेच लहान, पॉल सहा वर्षांनी. तिघेही त्याच बर्फावर वाढले, आणि तिघेही पुढे व्यावसायिक हॉकीच्या सर्वांत वरच्या संघांपर्यंत पोचले. एका आईची तीन मुले, एका लहान गावातून!

मिनेसोटात शाळांच्या हॉकी स्पर्धेचे फार वेड आहे. मार्च महिन्यात राज्यभरातले लोक त्या सामन्यांसाठी लोटतात. १९७६, १९७७ आणि १९७८ अशी तीन वर्षे लागोपाठ रोझोची शाळा राज्याच्या स्पर्धेत उतरली, आणि नील त्या संघात होता. तीनही वर्षे अजिंक्यपद हुलकावणी देऊन गेले. त्याच्या खेळाची ख्याती झाली, पण करंडक काही गावात आला नाही.

कॉलेजातला पहिला हंगाम

१९७८ सालच्या शरदात नील मिनिॲपोलिस शहरी मिनेसोटा विद्यापीठात दाखल झाला. घरापासून सुमारे साडेपाचशे किलोमीटर. विद्यापीठाच्या संघाचे नाव गोफर्स. गोफर म्हणजे काय, माहीत आहे? शेतात बिळे करून मुळे कुरतडणारा, उंदराच्या जातीचा एक प्राणी. शेतकरी ज्याच्या नावाने बोटे मोडतो, त्याचेच नाव त्या लोकांनी कौतुकाने आपल्या संघाला दिले आहे.

अमेरिकेत विद्यापीठाचा खेळाडू होणे म्हणजे काय, तेही समजून घ्या. चांगल्या गड्याची फी, राहणे, जेवण आणि पुस्तके विद्यापीठ बघते. त्याबदल्यात तो विद्यापीठाकडून खेळतो आणि वर्गातही बसतो. त्या काळच्या नियमाप्रमाणे खेळावर एक पैसाही घेता येत नसे. (२०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळवण्याची मोकळीक झाली आहे, ती नीलच्या वेळी नव्हती.) एकदा का व्यावसायिक संघाच्या करारावर सही केली, की कॉलेजच्या हॉकीचे दार बंद. म्हणून तिथल्या प्रत्येक गुणी मुलापुढे प्रश्न असतो: आत्ताच सही करून पैसा घ्यावा, की अजून एखादा हंगाम थांबावे?

गोफर्सचे वस्ताद होते हर्ब ब्रुक्स. हा माणूस मोठा कडक. त्याला कारणही होते. १९६० साली अमेरिकेच्या ऑलिंपिक संघात त्यांची निवड होत आली होती, पण स्पर्धेच्या तोंडावर सर्वांत शेवटी वगळले गेले ते हर्ब ब्रुक्स. त्या संघाने सुवर्णपदक जिंकले, आणि ब्रुक्सनी ते घरी बसून दूरचित्रवाणीवर पाहिले. वाचकहो, तोंडाशी आलेला घास जाणे काय असते, ते गारपिटीत पीक गेलेल्याला सांगावे लागत नाही.

त्यांच्या हाताखाली नीलने पहिल्याच हंगामात चाळीस सामन्यांत २१ गोल केले, आणि ५० वेळा गोलासाठी चकती पुरवली. एकूण ७१ गुण. २४ मार्च १९७९ रोजी डेट्रॉइट शहरात देशातल्या विद्यापीठांचा अंतिम सामना झाला. समोर शेजारच्याच राज्याचे नॉर्थ डकोटा विद्यापीठ. मिनेसोटाने तो सामना ४-३ असा जिंकला, आणि निर्णायक गोल केला तो नीलने. तोल जाऊन तो पोटावर आपटत होता; पडता पडताच त्याने काठीच्या टोकाने चकती उचलून गोलरक्षकावरून आत टाकली. कॉलेजातले पहिलेच वर्ष, वय एकोणीस.

त्याच उन्हाळ्यात नॉर्थ स्टार्स या मिनेसोटातल्या व्यावसायिक संघाने त्याची निवड केली. तिकडे संघ पाळीपाळीने मुलांची नावे उचलतात. नीलचे नाव तिसऱ्या फेरीत, बेचाळिसावे आले. म्हणजे त्याच्याआधी एकेचाळीस मुले त्याच्याहून बरी ठरली होती!

ओस्लोची रात्र आणि लेक प्लॅसिडचा फेब्रुवारी

१९८० सालच्या हिवाळी ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या संघाचे वस्ताद म्हणून हर्ब ब्रुक्स यांचीच नेमणूक झाली. त्यांनी मुख्यतः कॉलेजची पोरे निवडली. वीस जणांच्या अखेरच्या संघात बारा मिनेसोटाचे होते आणि त्यांत नील.

तयारी कशी झाली, त्याचा एक प्रसंग तिकडे अजून सांगतात. १९७९ च्या सप्टेंबरात नॉर्वे देशात ओस्लोला सराव सामना होता. पोरांचे लक्ष खेळात कमी आणि प्रेक्षकांत जास्त. सामना ३-३ बरोबरीत सुटला. लोक घरी निघाले, आणि ब्रुक्सनी पोरांना पुन्हा बर्फावर उभे केले. या टोकापासून त्या रेषेपर्यंत आणि परत, पुन्हा पुढच्या रेषेपर्यंत आणि परत. मैदानाच्या रखवालदाराने दिवे मालवले तरी वस्तादांची शिट्टी थांबली नाही. अंधारात पोरे धावत राहिली.

त्या वेळी रशियाचा, म्हणजे सोव्हिएट युनियनचा संघ जगात अजिंक्य मानला जाई. १९६४, १९६८, १९७२ आणि १९७६ अशी चार सुवर्णपदके त्यांनी ओळीने नेली होती. स्पर्धेच्या दोन-तीन दिवस आधी न्यूयॉर्कला झालेल्या सराव सामन्यात त्यांनी या कॉलेजच्या पोरांना १०-३ असे लोळवले होते.

स्पर्धा लेक प्लॅसिडला होती. तेही रोझोसारखेच दोन-अडीच हजार वस्तीचे गाव. २२ फेब्रुवारी १९८० रोजी दोन्ही संघ पुन्हा समोरासमोर आले. दोन डाव संपले तेव्हा रशिया ३-२ ने पुढे होता. तिसऱ्या डावात मार्क जॉन्सनने बरोबरी साधली, आणि दहा मिनिटे उरली असताना कर्णधार माइक एरुझिओनीने चौथा गोल केला. ती दहा मिनिटे पोरांनी जीव तोडून काढली. ४-३! दोन दिवसांनी फिनलंडला ४-२ ने हरवून अमेरिकेने सुवर्णपदक घेतले.

नीलने त्या सात सामन्यांत दोन गोल केले. संघाचा नायक तो नव्हता, वीसांतला एक होता. पण वीस वर्षांच्या पोराच्या गळ्यात सोन्याचे पदक पडले, देशभर सत्कार झाले. त्याच्या बरोबरीचे बरेच जण लगेच व्यावसायिक संघांत गेले. आता सांगा, तुमच्या मुलाच्या वाट्याला असे आले असते तर तुम्ही काय म्हणाला असता? “घे पैसे, लोखंड तापलेले आहे तोवर घाव घाल,” असेच ना?

परत कॉलेजात

नील परत मिनेसोटा विद्यापीठात आला. ऑलिंपिकच्या वर्षी तो कॉलेजच्या संघात नव्हता. त्या काळात धाकटा ॲरन तिथे दाखल झाला होता. १९८०-८१ च्या हंगामात दोघे भाऊ एका संघात, एकाच फळीत खेळले. त्यांच्या जोडीला तिसरा गडी बट्सी एरिक्सन, तोही रोझोचाच! एवढ्या मोठ्या विद्यापीठाची मुख्य फळी म्हणजे एका खेड्यातली तीन पोरे. लहानपणी गावच्या बर्फावर एकमेकांच्या खेळाची जी खूण पटली होती, ती कुठल्या शिकवणीने आली नसती.

त्या हंगामात ॲरनने ४७ गोलांसह १०६ गुण मिळवले. देशातल्या कॉलेज खेळाडूंत तो पहिला आला. नीलने ३६ सामन्यांत ७१ गुण मिळवले, त्यांतले गोल फक्त १७. बाकीचे ५४ गुण दुसऱ्याला पुरवल्याचे.

त्याच वर्षी कॉलेजच्या सर्वोत्तम हॉकी खेळाडूसाठी होबी बेकर पारितोषिक सुरू झाले. होबी बेकर हा प्रिन्स्टन विद्यापीठाचा जुना नामांकित खेळाडू. पहिल्या महायुद्धात तो वैमानिक झाला आणि युद्ध संपल्यावर, १९१८ सालच्या डिसेंबरात, फ्रान्समध्ये विमान कोसळून गेला. त्याच्या नावाचे हे पहिलेवहिले पारितोषिक १९८१ साली नील ब्रोटनला मिळाले. गुण धाकट्याचे जास्त, मान थोरल्याला! कारण पारितोषिक देणाऱ्यांनी नुसती बेरीज पाहिली नाही, खेळ पाहिला.

सगळेच मनासारखे झाले असे मात्र नाही. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिन विद्यापीठाने मिनेसोटाला ६-३ ने हरवले. भावाभावांनी मिळून विद्यापीठाचा करंडक उचलावा, ते राहूनच गेले.

पुढची सोळा वर्षे

हरल्यानंतर थोड्याच दिवसांत नीलने नॉर्थ स्टार्सकडे सही केली. योग असा, की त्याच वसंतात तो संघ व्यावसायिक हॉकीचा सर्वांत मोठा मान, स्टॅन्ले चषक, त्याच्या अंतिम फेरीपर्यंत गेला आणि हरला. पहिल्या पूर्ण हंगामात नीलने ९८ गुण मिळवले. १९८५-८६ च्या हंगामात १०५. अमेरिकेत जन्मलेल्या खेळाडूने एका हंगामात शंभराचा आकडा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ, कारण तोवर त्या खेळावर कॅनडावाल्यांचे राज्य होते. या १०५ मध्ये गोल २९, पुरवठ्याचे गुण ७६. सवय तीच!

१९९१ साली नॉर्थ स्टार्स पुन्हा अंतिम फेरीत गेले, पुन्हा हरले. १९९३ साली मालकाने तो संघच मिनेसोटातून उचलून दूर दक्षिणेला, टेक्सास राज्यातल्या डॅलसला नेला. घरच्या लोकांपुढे बारा वर्षे खेळलेला नील परमुलखात गेला. वय वाढले होते. १९९५ साली डॅलसकडून सतरा सामन्यांत त्याला एकही गोल करता आला नाही. हंगाम अर्ध्यावर असताना त्याला न्यू जर्सी डेव्हिल्स संघाकडे देऊन टाकले. म्हातारा बैल बाजारात न्यावा, तसेच म्हणा.

पण त्या बैलात अजून दम होता. नव्या संघाला तो चांगलाच लागू पडला. २४ जून १९९५ रोजी न्यू जर्सीने डेट्रॉइटला ५-२ ने हरवून चौथा सामना आणि स्टॅन्ले चषक जिंकला. त्या सामन्यात नीलने दोन गोल केले, आणि चषक ठरवणारा गोल त्याचाच होता. १९८१ च्या पहिल्या हारीनंतर चौदा वर्षांनी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी.

१९९७ साली त्याने खेळ थांबवला. १,०९९ सामने, २८९ गोल आणि ६३४ वेळा दुसऱ्याच्या गोलाला हात. डॅलसच्या संघाने त्याचा सात नंबरचा सदरा १९९८ साली कायमचा टांगून ठेवला; तो नंबर आता तिथे दुसऱ्या कुणाला मिळत नाही. खेळ सोडल्यावर हा गडी कुठे गेला असेल? विस्कॉन्सिन राज्यात रिव्हर फॉल्स गावाजवळ शेत घेऊन त्याने घोडे पाळले. मातीतला माणूस मातीत गेला.

आपण काय घ्यावे?

वाचकहो, अशी हकिगत वाचून कुणी म्हणेल, खेळातच नशीब काढावे. तसे मात्र समजू नका. १९८० च्या त्या वीस सुवर्णवीरांपैकी तेराच जण पुढे व्यावसायिक हॉकीच्या वरच्या पायरीवर खेळले, सात जण नाही. ज्याच्या गोलाने रशिया हरला, तो कर्णधार एरुझिओनीही त्या पदकानंतर पुन्हा खेळायला उतरला नाही. आपणच खेळ संपवला आणि दुसरी वाट धरली. सोन्याचे पदक मिळालेल्यांची ही कथा, मग बाकी कॉलेजच्या पोरांचे काय? म्हणून पोराच्या हातात खेळाबरोबर दुसरे काही असलेच पाहिजे, मग ते शिक्षण असो, हुन्नर असो की शेती असो.

पण दुसरी बाजूही बघा. रोझोच्या लोकांनी नीलला काही हिरे-माणके दिली नाहीत. बर्फ दिला, छप्पर दिले, आणि खेळायला वेळ दिला. घरात भाऊ होते, ते जोडीदार झाले. बाहेर कडक वस्ताद मिळाला. आणि पैसा समोर दिसत असतानाही पोराने एक हंगाम थांबून घेतले. ज्वारीचे कणीस हिरवे असताना कापले तर हुरडा होतो, चार माणसे खुशीने खातात. पण वर्षाचे धान्य घरात यायचे तर दाणा भरेपर्यंत थांबावे लागते.

तुमच्याही घरी एखादा पोरगा कबड्डीच्या मैदानावरून उशिरा परतत असेल, एखादी पोरगी धावण्यात साऱ्या शाळेच्या पुढे असेल. दार उघडताना रागावण्याआधी एकदा विचारा, आज खेळात काय झाले? गोल किती केले, गुण किती मिळाले, ते मागाहून विचारता येईल. आधी विचारा, आज कुणाला साथ दिलीस?